उचलता येणारी बैठक

श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी जळगाव-धुळ्याकडच्या घरांत कानबाई बसते. सगळी भाऊबंदकी एका घरी जमते. सुरत, उधना, नाशिक, पुणे अशा ठिकाणी पोटापाण्यासाठी गेलेली घरंही त्या दिवसापुरती गावी येतात. नैवेद्याच्या रोटांचे गहू दळले जातात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होतं. या सगळ्याला पुढची खोली मोकळी लागते. तिला रंग द्यायचा असतो, देवीचा चौरंग मांडायचा असतो आणि उरलेल्या जागेत पंचवीस-तीस माणसं मांडीला मांडी लावून बसवायची असतात. मग घरोघर एकच प्रश्न निघतो : सोफा कुठे ठेवायचा? सुताराने घरी येऊन केलेला जुना लाकडी सोफा असेल तर गाद्या काढून दोन माणसं तो उचलतात आणि अंगणात नेऊन ठेवतात. दुकानातून आणलेला एल आकाराचा जाडजूड कॉर्नर असेल तर तो दारातून निघत नाही, आणि देवीला कोपऱ्यात जागा द्यावी लागते. सोफा निवडताना लोक रंग बघतात, कापड बघतात, हप्ता किती पडेल ते बघतात. खानदेशापुरतं बोलायचं तर त्याआधी एक गोष्ट बघायला हवी, असं माझं ठाम मत आहे. हा सोफा दोन माणसांना उचलून खोलीबाहेर नेता येईल का? या प्रदेशात घरात बसण्याचा जो इतिहास आहे तो सगळा उचलता येणाऱ्या बैठकीचा आहे. ही रीत ऊन, माती, कापूस आणि माणसांचा राबता यांतून तयार झाली, आणि यातलं एकही कारण अजून संपलेलं नाही.

सुरुवात घरापासून करू. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या काठची जुनी वस्ती धाब्याच्या घरांची. मातीच्या जाड भिंती, सागाच्या किंवा बाभळीच्या तुळया, त्यांवर काटक्यांचा आणि पाल्याचा थर, आणि सगळ्यात वर खारवट पांढरी माती चोपून केलेलं सपाट छप्पर. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. अशा उन्हात या घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे शेणाने सारवलेली जमीन. म्हणून दिवसा माणसं जमिनीलगत बसत. रात्री हिशेब उलटा होई. आत कोंडलेली ऊब अंगाशी येई आणि वारा बाहेर असे. मग खाट बाहेर ओट्यावर यायची किंवा थेट धाब्यावर चढायची. सुंभाने किंवा सुती नवारीने विणलेली खाट एकटा माणूस डोक्यावर घेऊन जिना चढू शकत असे, आणि विणीतून खालूनही वारा लागे. खाट सैल पडली की पायथ्याकडची दोरी ताणून घ्यायची, ढेकूण झाले की उन्हात उभी करायची, पाहुणा आला की ओट्यावर टाकायची. एकाच वस्तूवर झोपणं, बसणं, पापड वाळवणं आणि आजाऱ्याला दवाखान्यात नेणं अशी चारही कामं होत. घरातल्या खोल्यांना ठरलेली नावं होती, पण बसण्याची जागा ठरलेली नव्हती. ती सावली आणि वारा बघून दिवसभर फिरत राही.

ज्यांच्या घरी बरं होतं त्यांच्याकडे बिछायत असे. खाली सतरंजी किंवा जाजम, त्यावर कापसाची गादी, पांढरी चादर, भिंतीशी लोड आणि तक्के. कापूस या भागात बाहेरून आणावा लागत नव्हता, तो बांधावरच होता. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात भाव चढले. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव या वाटेने भुसावळला पोचली. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि जळगाव कापसाची मोठी पेठ झाली. पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, कापड गिरण्या आल्या. लाखोंची उलाढाल करणारा अडत्या मात्र गादीवरच बसे. चोपड्या, कलमदान, तिजोरी आणि मुनीम हे सगळं जमिनीपासून वीतभर उंचीवर चाले. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला गादीची चादर बदलली की दुकान नवं झालं. माणसं वाढली की एक सतरंजी आणखी अंथरायची आणि गेली की गुंडाळून कोपऱ्यात उभी करायची. किती माणसं बसणार हे आधी ठरवायची गरजच पडत नसे.

या बैठकीची देखभाल पिंजाऱ्याकडे होती, आणि सोफ्याचा विचार करताना तिच्याकडे नीट बघायला हवं. वर्ष-दोन वर्षांत गादीतला कापूस दबून त्याचे गठ्ठे होतात. पावसाळा संपला की पिंजारी गल्लीत यायचा. ताणलेल्या तातीचं पिंजण खांद्याएवढं उंच धरून तो तातीवर लाकडी मोगरीचा ठोका देई. तात थरथरली की तिला लागलेला कापूस तंतू-तंतू होऊन उडे आणि दुपारपर्यंत अंगणात पांढरा ढीग उभा राही. धूळ आणि सरकीचे तुकडे खाली गळून पडत. खोळ तोवर धुऊन वाळलेली असे. कापूस तोच, खोळ तीच, गादी मात्र नवी. मोठ्या सुईने दोऱ्याचे टाके घातले की ती पुढच्या काही वर्षांसाठी तयार. कापूस थोडा कमी वाटला तर शेतातलाच शेर-दोन शेर घालायचा. फोमच्या गादीला असा दुसरा जन्म नाही. ती बसली की बसली. तिची विल्हेवाट कशी लावायची हे दुकानदार सांगत नाही आणि घंटागाडीवालाही ती घ्यायला नाखूश असतो.

खुर्ची इकडे आली ती सरकारबरोबर. 1818 नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळे हे ठाणं निवडलं. व्यापाऱ्यांना जागा आणि कर्ज देऊन वसवलं, कचेऱ्या बांधायला लांबून कारागीर आणवले. कचेरी, कोर्ट, डाकबंगला, मग स्टेशन आणि हायस्कूल अशा क्रमाने मेज-खुर्ची पसरली. लाकूड जवळच होतं. सातपुड्याचा साग होता, आणि डांगच्या जंगलांचे पट्टे इंग्रजांनी 1842 मध्ये भिल राजांकडून करार करून घेतले होते. खुर्चीत बसणारा आणि समोर उभा राहणारा असा नवा भेद त्या कचेऱ्यांतून आला. घरात मात्र खुर्चीला फार काळ थारा नव्हता. वकिलाच्या किंवा डॉक्टरांच्या घरी बाहेरच्या खोलीत वेताच्या दोन खुर्च्या आणि एक आरामखुर्ची दिसे, पण आत माजघरात पाट आणि सतरंजीच.

ही केवळ गरिबी होती, पैसा असता तर सगळ्यांनी तेव्हाच कोच घेतले असते, असं कोणी म्हणेल. कापसाच्या अडत्यांकडे पैसा भरपूर होता, तरी ते गादीवरून उठले नाहीत, हे वर आलंच आहे. दुसरा पुरावा फैजपूरचा. 1936 च्या डिसेंबरात यावल तालुक्यातल्या या गावी काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू, चटया, गवत अशा गावच्या साहित्यातून सगळं नगर सजवलं. सभेत खुर्च्या-बाकं नकोत हे काँग्रेसने 1921 च्या अहमदाबाद अधिवेशनातच ठरवून टाकलं होतं. त्यामुळे हजारोंचा समुदाय सामावून घेण्याचा प्रश्न फैजपूरला अंथरुणाने सोडवला. तिथे जमलेल्या पुढाऱ्यांना खुर्च्या परवडत नव्हत्या असं कोणी म्हणणार नाही. जमिनीवर बसणं ही त्यांनी डोळसपणे केलेली निवड होती, आणि ती खानदेशातल्या शेतकऱ्याला अगदी ओळखीची होती.

इथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो माझ्या सगळ्या मांडणीला हात घालणारा आहे. जुनी बैठक सगळ्यांची होती का? नव्हती. गादीवर कोण, सतरंजीवर कोण, ओट्याच्या पायरीवर कोण आणि अंगणात उकिडवं कोण, हे जातीने ठरलेलं होतं. घरातल्या बाईला ओसरीवरच्या बिछायतीत जागा नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेतलं गोणपाट सांगितलं आहे. वर्गात कोपऱ्यात त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे, आणि शाळेचा गडी त्याला शिवत नसल्याने ते रोज घरी न्यावं आणि आणावं लागे. तीही उचलता येणारी बैठकच होती. त्याच आठवणींत खानदेशातलाही एक प्रसंग आहे. 1929 मध्ये अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीचे सदस्य म्हणून ते या भागात आले असता चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी त्यांना बसवून गाडी हाकायला नकार दिला. दलित वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला, पण हाकणारा नवशिका. फरशी-पुलावर घोडा बिथरला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टर झालेल्या माणसाला एका आसनासाठी ही किंमत मोजावी लागली. ज्यांच्या आजोबांना पाटलाच्या ओट्यावर बसता आलं नाही, त्यांनी आपल्या सिमेंटच्या घरात सगळ्यात आधी सोफा घेतला असेल तर त्यातला अर्थ ओळखायला हवा. एका उंचीवर, एका कापडावर, पाहुणा आणि यजमान शेजारी-शेजारी, हे सोफ्याने दिलं आणि ते मोठं देणं आहे. जुन्या बैठकीचं कौतुक करताना ते परत काढून घेण्याचा हक्क कोणालाही नाही.

तरीही या आक्षेपाने माझं म्हणणं रद्द होत नाही, ते अधिक नेमकं होतं. गोणपाट अपमानाचं होतं कारण ते एकट्या मुलासाठी वेगळं होतं आणि त्यालाच वाहावं लागत होतं. फैजपूरला अंथरूण एकच होतं. म्हणजे समता उंचीत नसते, एकाच आसनावर सगळ्यांना जागा असण्यात असते. हल्लीच्या काही दिवाणखान्यांत एकट्या कर्त्या पुरुषाचा रिक्लायनर, पाहुण्यांना सोफा आणि कामवाल्या बाईंनी चहा घ्यायचा तर फरशी, अशी उतरंड पुन्हा दिसते. सोफ्याने दिलेली बरोबरी सोफ्यावरच मोडली जाते. जो सोफा तीन माणसांचा आहे तो चौथ्याला उभं ठेवतो किंवा खाली बसवतो, आणि खानदेशात चौथा माणूस येतोच.

घर बदललं तेव्हा हे सगळं बदललं. धाब्याच्या जागी स्लॅब आला, ओसरीला ग्रिल लागली, जमिनीवर आधी शहाबादी फरशी आणि मग टाइल्स आल्या. टीव्हीने बसण्याला दिशा दिली. 1987-88 मध्ये रविवारी सकाळी रामायण बघायला शेजारपाजार सतरंजीवरच बसला होता, पण त्यानंतर खोलीतली प्रत्येक गोष्ट त्या एका भिंतीकडे तोंड करून बसू लागली. दुसरी दिशा कूलरने दिली. कूलर खिडकीत, त्याच्या वाऱ्याच्या टप्प्यात सोफा आणि समोरच्या दाराने हवा बाहेर, अशी मांडणी असली तरच कूलरचा उपयोग. प्रचंड सोफ्याने ती वाट अडली की खोलीत दमट ऊब साठते. त्यात वरून स्लॅब तापलेला, खाली रेक्झिन घामाने पाठीला चिकटलेलं आणि आतला फोम ओलावा धरून कुबट वास मारणारा. थंड प्रदेशात जे आसन जाड झालं ते आपण पंचेचाळीस अंशांत आणून ठेवलं, आणि मग त्यावर सुती चादर टाकून वापरू लागलो. ती चादर म्हणजे जुन्या बिछायतीची साधी मागणी आहे.

सोफा कोणी निवडला, हाही प्रश्न विचारला पाहिजे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत इकडच्या कितीतरी घरांत पहिला सोफा आला तो आंदणातून. कपाट, पलंग, फ्रीज आणि सोफासेट, सगळं मांडवात एका ओळीत मांडलेलं, आल्या-गेल्यांना दिसेल असं. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा आहे, तरी ‘मुलीला हौसेने दिलं’ या नावाखाली ही रांग चालू राहिली. पैसे भरणारा बाप तो सोफा ज्या घरात जाणार तिथे राहत नसतो. त्या घराचं दार अडीच फुटांचं आहे की तीन, कूलर कोणत्या भिंतीला आहे, तिथल्या सासूचे गुडघे कसे आहेत, यातलं काही त्याला माहीत नसतं. त्याला एवढंच माहीत असतं की वस्तू मांडवात भरीव दिसली पाहिजे, लेकीला टोमणा बसता कामा नये. फुगीर हातांचे, मोठ्या पाठींचे, चकचकीत सोफे खपले त्यामागे ही भीती आहे. शेतीच्या एका चांगल्या हंगामाचा पैसा अशा वस्तूत गेलेला बघून वाईट वाटतं, कारण ती वस्तू ना देणाऱ्याच्या सोयीची असते ना घेणाऱ्याच्या.

म्हाताऱ्या माणसांना खाली बसवत नाही, हा आक्षेप सगळ्यात खरा आहे आणि त्यावर वाद घालण्याचं कारण नाही. पण तो उंच आसनाच्या बाजूचा आहे, अवजड आसनाच्या नाही. दुखऱ्या गुडघ्यांना लागतं सतरा-अठरा इंच उंचीचं, थोडं टणक, हातावर जोर देऊन उठता येईल असं आसन. खोल आणि मऊ सोफ्यात तर म्हातारं माणूस रुतून बसतं, त्याला उठवायला नातू लागतो. साधी लाकडी हाताची खुर्ची हे काम जास्त नीट करते. घरं लहान झाली, माणसं कमी झाली, आता पंचवीस जण कुठे येतात, असंही म्हटलं जातं. रोजच्या दिवशी येत नाहीत हे खरं. पण साखरपुडा असतो, कानबाई असते. आणि घरात माणूस गेलं की दारावर येणाऱ्यांची रीघ सुतक संपवणाऱ्या गंधमुक्तीपर्यंत लागलेली असते. त्या दिवसांत आलेला माणूस सोफ्यावर पाय सोडून बसत नाही, तो घरच्यांजवळ खाली टेकतो. शोकात असलेल्या माणसापेक्षा उंच बसायचं नाही, ही समज अजून शाबूत आहे. अशा वेळी सोफा भिंतीला लावून किंवा बाहेर काढून सतरंज्याच अंथरल्या जातात.

या रीतीला बाजारातलं उत्तर जळगावनेच शोधलं आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या चटया विणणारे कारखाने आहेत आणि इथली चटई देशभर जाते, परदेशातही जाते. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून काढलेले रंगीत धागे, मागावर पडणारी नक्षी, आणि हातभर रुंदीची गुंडाळी करून काखेत मारता येणारं आसन. कापसाच्या बाजाराने वाढलेल्या गावात सतरंजीचा वारसा प्लॅस्टिककडे गेला याची मला चुटपुट वाटते. प्लॅस्टिकला घाम जिरवता येत नाही आणि फाटलेली चटई मातीत मिसळत नाही. तरी खप सांगतो की लोकांनी खाली बसणं सोडलेलं नाही. ज्या घरात सोफा आहे त्याच घरात कपाटामागे दोन चटया उभ्या असतात.

म्हणून निवड करताना दुकानदाराला सोफा उलटा करून दाखवायला सांगावं. खालचं कापड थोडं उसवलं की सांगाड्याचं लाकूड दिसतं. साग असेल तर उत्तम, साल किंवा निलगिरीही चालेल, पण खोक्याची फळी आणि भुश्याचा बोर्ड कूलरच्या दमटपणात आणि वाळवीपुढे टिकत नाही. फोम असेल तर डेन्सिटी विचारावी. बत्तीस किंवा चाळीस म्हणजे एका घनमीटरला तितके किलो, आणि बैठकीसाठी त्याखाली उतरू नये. माझी शिफारस मात्र फोमच्या जाड सोफ्याची नाहीच. लाकडी सांगाडा, वेताची किंवा नवारीची विणलेली बैठक, त्यावर चेन लावलेल्या सुती खोळीच्या सुट्या गाद्या, पाठ फार मागे न जाणारी, आणि तीन जणांच्या एका सोफ्याऐवजी दोन-दोन जणांचे दोन. हे दोन्ही कोणत्याही अडीच फुटी दारातून आडवे करून निघतात आणि लग्नात शेजारच्या घरी जाऊ शकतात. गाद्या खाली टाकल्या की आणखी चार माणसं बसतात. असं काम करणारे सुतार अजून जळगाव-धुळ्यात आहेत. पिंजाऱ्यांच्या घरची पुढची पिढी यंत्रावर कापूस पिंजते आणि मापाच्या गाद्या शिवून देते. मापं द्यायला जाताना खोलीचं, दाराचं आणि कूलरच्या खिडकीचं माप सोबत न्यावं, आणि घरात नवी सून येणार असेल तर तिलाही बरोबर न्यावं.